सामायिक संगणक-समूह

जुलै २०१८ मध्यें नालासोपाऱ्यास रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या होत्या, हें वसई-विरारकरांस स्मरत असेल. अमुक पाऊस पडला तर पाणी कोठें व किती वेळांत चढेल, याचा हिशेब आधीं करतां येतो. पण तो बारकाईनें व वेळेवर करणें एकट्या संगणकाच्या आवांक्यांतलें नव्हे.

तुंगारेश्वराच्या डोंगरापासून खाडीपर्यंतच्या प्रदेशाचे नकाशावर लक्षावधि चौकोन पाडावयाचे आणि प्रत्येकांतील पाऊस, उतार व पाणी क्षणोक्षणीं मोजावयाचें. हे चौकोन अनेक संगणकांना वांटून देतात. परंतु पाणी चौकोनाची शीव मानीत नाहीं. म्हणून प्रत्येक संगणकास आपल्या कडेचे आंकडे शेजाऱ्यास वारंवार कळवावे लागतात. वेगवान तारांनीं जोडून असे एकदिलानें कामास लावलेले संगणक म्हणजे संगणक-समूह, अथवा क्लस्टर. मात्र संगणक दुप्पट केले कीं वेळ निम्मा होतोच असें नाहीं. आपसांतील निरोपांतच बराच काळ जाऊं लागतो.

मोठा समूह एकेका महाविद्यालयास परवडत नाहीं. विजेचा व थंडाव्याचा खर्च मोठा. शिवाय काम नसलें तर यंत्र पडल्या जागीं जुनें होतें. म्हणून तें सामायिक असावें. संशोधक दुरूनच आपलें काम रांगेंत लावतो. किती संगणक व किती वेळ हवा, हें आधीं सांगतो. सामाईक विहिरीवर पाळी धरणें आपल्या बागाईतदारांस नवें नाहीं. येथें पाळी लावण्याचें काम एक आज्ञावली करते.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें ‘परम ८०००’ सिद्ध केला, तोहि अनेक गणकांचाच मेळ होता. २०१५ मध्यें राष्ट्रीय महासंगणक अभियान मंजूर झालें. त्यांतून पुण्याच्या आयसर संस्थेंत ‘परम ब्रह्म’ उभा राहिला; आरंभीं त्याची कमाल शक्ति सेकंदास ७९७ लाख कोटि गणितांची होती.

तथापि, यंत्र आलें म्हणजे विद्या आली, असें नव्हे. काम कसें तोडावें आणि पुन्हां कसें जोडावें, हें शिकावें लागतें. आणि तें लहान समूहावरहि शिकतां येतें. अमेरिकेंत १९९४ मध्यें नासा संस्थेंत स्टर्लिंग व बेकर यांनीं १६ साधे संगणक जोडून असाच समूह उभारला होता. आपल्या महाविद्यालयांतील चारसहा जुने संगणक आरंभास पुरेत.

पुण्याचें यंत्र लाख कोटि गणितें करील. पण कोणत्या नाल्याचें तोंड बुजलें आहे, हें त्याला कोणी तरी सांगावें लागतें. तें नालासोपाऱ्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे. त्याला ही विद्या मिळाली, तरच त्या यंत्राचा आपल्या गांवास उपयोग.