मुखवट्याआडचा रक्तदाब

काही व्याधी दार ठोठावून येतात. काही चोरपावलांनी घरात शिरतात. उच्च रक्तदाब हा दुसऱ्या वर्गातला. त्याचा एक प्रकार तर असा आहे की, तो डॉक्टरांच्या यंत्रालाही चकवतो.

इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ साली दंडावर पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजण्याची युक्ती काढली. हृदय आकुंचन पावताना होणारा दाब हा वरचा आकडा आणि ते सैल पडल्यावर उरणारा दाब हा खालचा. दवाखान्यात हे आकडे वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आले, तर तो सामान्यतः उच्च रक्तदाब समजतात.

परंतु रक्तदाब दिवसभर स्थिर राहत नाही. श्रमाने, चिंतेने तो चढतो; निद्रेत उतरतो. काहींचा दाब दवाखान्यात योग्य भरतो, पण घरी किंवा कामावर असताना वाढलेला असतो. अशा स्थितीला टॉमस पिकरिंग या डॉक्टरांनी २००२ साली 'मुखवट्याआडचा रक्तदाब' अशा अर्थाचे नाव दिले. मुखवटा असला तरी हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे यांची हानी व्हायची ती होतेच.

स्थूल व्यक्तींनी याविषयी विशेष सावध असावे. मूत्रपिंडांभोवती साचलेला मेद त्यांवर दाब देतो, त्यामुळे शरीरात मीठ व पाणी साठून राहते. शिवाय अतिमेदामुळे झोपेत घशातील श्वासमार्ग पुनःपुन्हा मिटतो. प्राणवायू कमी पडला की शरीर दचकते, आणि रात्री उतरायला हवा तो दाब उतरत नाही. दिवसा दवाखान्यात केलेल्या एका मोजणीत हे कसे दिसावे?

यावर उपाय सोपा आहे. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली व दंड हृदयाच्या पातळीवर असावा. सकाळ-संध्याकाळ, मिनिटाच्या अंतराने दोनदा, असा आठवडाभर दाब मोजून वहीत टिपावा. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा. लहान पट्टा दाब खोटाच वाढवून दाखवतो. घरच्या आकड्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली, तर वही डॉक्टरांना दाखवावी. रोजचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. लोणची, पापड व खारी मासळी यांतले मीठही त्यात मोजावे.

विद्यार्थिमित्रांनो, स्थूल माणसाची थट्टा करण्याची खोड आपल्या समाजात फार आहे. थट्टेने वजन घटत नाही. माणूस मात्र संकोचतो आणि दवाखाना टाळतो. त्यापेक्षा आपल्या घरातील वडीलधाऱ्यांशेजारी वही-पेन्सिल घेऊन आठवडाभर बसा. "डॉक्टरांनी मागे पाहिले होते, सर्व ठीक आहे," असे ते म्हणतील. तेव्हा त्यांना आदराने एवढेच सांगा की, एका वेळचा आकडा म्हणजे साऱ्या दिवसाचा हिशेब नव्हे.