चिठ्ठ्यांचं वर्ष

व्हेरोना हे गाव आपल्याला माहीत असतं ते रोमिओ-ज्युलिएटमुळे. मी मात्र तिथं गेलो तो दगडासाठी. दर वर्षी पावसाळा संपता संपता या गावात संगमरवर, ग्रॅनाइट आणि ते कापणाऱ्या यंत्रांचं जंगी प्रदर्शन भरतं. आमचा धंदा फरशीचा. वडिलांनी जन्मभर शहाबादी विकली, मी ग्रॅनाइट कापतो. २००९ साली एक पॉलिशचं यंत्र डोक्यात होतं, तेवढ्यासाठी पैसे जमवून गेलो. प्रदर्शनाच्या दिवसांत तिथल्या हॉटेलांचे दर ऐकून घाम फुटला, तेव्हा ओळखीच्या ओळखीतून एका घरात खोली मिळाली.

घरमालक सत्तरीचे. आयुष्यभर दगडाच्या कारखान्यात करवतीवर काम केलेले. हात पाहिले आणि मला आमच्या जुन्या मिस्त्रीची आठवण झाली. तीच चिरलेली बोटं, तीच पांढुरकी नखं. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणत असे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन. मधे दुभाषी म्हणून त्यांची कॉलेजात जाणारी नात. खोलीत पलंगावर येशूची तसबीर होती आणि समोरच्या भिंतीवर, जवळजवळ तेवढ्याच मानानं लावलेला, निळ्या-पिवळ्या कपड्यांतल्या फुटबॉल खेळाडूंचा एक फोटो. खाली आकडे : १९८४-८५.

आता, मी क्रिकेटवाला. फुटबॉल म्हणजे १९८६ च्या विश्वचषकात दूरदर्शनवर पाहिलेला मॅराडोना, एवढीच माझी शिदोरी. जेवताना काहीतरी बोलायचं म्हणून मी फोटोकडे बोट दाखवून म्हणालो, ‘‘मॅराडोना?’’ आजोबांनी काटा खाली ठेवला. ‘‘मॅराडोना आला होता ना,’’ ते म्हणाले, ‘‘पहिल्याच रविवारी. आम्ही त्याला तीन गोल घालून परत पाठवला.’’

पुढचे चार दिवस मी सकाळी यंत्रं पाहिली आणि रात्री हा मोसम ऐकला. परत आल्यावर जमेल तसं वाचत गेलो. जे कळलं ते सांगण्यासारखं आहे.

त्या काळात जगातला सगळ्यात श्रीमंत, सगळ्यात चमचमता फुटबॉल इटलीत होता. प्रत्येक संघाला फक्त दोन परदेशी खेळाडू घ्यायची मुभा होती, म्हणून जो तो जगातले सर्वोत्तम दोन शोधत होता. युव्हेंतुसकडे प्लातिनी आणि बोनिएक, उदिनेसेकडे झिको, फिओरेंतिनाकडे सॉक्रेटिस आणि पासारेला, इंटरकडे रुमेनिगे, रोमाकडे फाल्काव. १९८४ च्या उन्हाळ्यात नापोलीनं त्यावर कडी केली. बार्सिलोनाला तोवरची जगातली विक्रमी रक्कम मोजून मॅराडोना आणला. व्हेरोनानं काय आणलं? डेन्मार्कचा एल्क्येर आणि पश्चिम जर्मनीचा ब्रीगल. एल्क्येर सिगारेटी ओढायचा, त्या लपवायचाही नाही. ब्रीगल तरुणपणी मैदानी खेळांतला, लांब उड्या मारणारा, बांधा पैलवानाचा.

बाकीचे इटालियन. त्यातले बरेच दुसऱ्यांनी ‘आम्हाला नको’ म्हणून सोडलेले. फान्ना आणि गाल्देरिसी युव्हेंतुसमधून आलेले, दि जेन्नारो फिओरेंतिनाचा. गोलकीपर गारेल्ला. त्याची गोष्ट वेगळीच. रोममध्ये लाझिओकडून खेळताना त्यानं अशा काही चुका केल्या होत्या, की वर्तमानपत्रांनी त्याच्या आडनावावरून नवा शब्दच पाडला; गोलकीपरनं हास्यास्पद गोल खाल्ला की त्याला ‘गारेल्लाता’ म्हणायचं. हा माणूस चेंडू हातानं कमी आणि पायानं, गुडघ्यानं, जे अंग पुढे येईल त्यानं जास्त अडवायचा. जगातला उत्तम गोलकीपर, पण बिनहातांचा, असं युव्हेंतुसचे मालक आन्येल्ली म्हणाल्याचं सांगतात. २०२२ साली गारेल्ला गेला, तेव्हा त्याच्याबद्दल लिहिताना याच वाक्याची पुन्हा आठवण निघाली.

या सगळ्यांना बांधणारा प्रशिक्षक ओस्वाल्दो बान्योली. मिलानच्या बोव्हिसा या कामगार वस्तीत वाढलेला. डोक्यावर साधी टोपी, बोलणं मोजकं. १९८१ मध्ये त्यानं व्हेरोना हाती घेतलं तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. वर्षभरात तो वर आला, मग लागोपाठ दोन वर्षं इटालियन चषकाच्या अंतिम फेरीत जाऊन हरला. त्याचं तंत्र समजावून घ्यायला मी पुस्तकं चाळली, पण आजोबांनी जे सांगितलं त्यापलीकडे फारसं हाती लागलं नाही. ज्याला जे येतं तेच त्याला करू द्यायचं. चांगल्या मुकादमाचं हेच काम असतं, असं आजोबांचं मत. मलाही ते पटलं. करवतीवरच्या माणसाला पॉलिशवर बसवलं की दोन्ही कामं बिघडतात, हे मी पैसे घालवून शिकलेलो आहे.

तर १६ सप्टेंबर १९८४. मॅराडोनाचा इटलीतल्या साखळीतला पहिला सामना, आणि तो व्हेरोनाच्या बेन्तेगोदी मैदानावर. सगळं जग त्याला पाहायला बसलेलं. बान्योलीनं ब्रीगलला त्याच्यामागे सोडला. ब्रीगलनं मॅराडोनाला तर जखडलंच, वर पहिला गोलही स्वतःच केला. सामना ३-१. आजोबा त्या दिवशी मैदानात होते. मॅराडोना किती लहान दिसत होता, हेच त्यांना आठवतं.

चौदा ऑक्टोबरला युव्हेंतुस आलं. आदल्या वर्षीचं विजेतं. गाल्देरिसीनं एक गोल केला होता. मग शेवटच्या टप्प्यात एल्क्येर डावीकडून चेंडू घेऊन सुटला. पिओली नावाचा तरुण बचावपटू त्याला अडवायला गेला (हाच पिओली पुढे प्रशिक्षक झाला आणि २०२२ मध्ये त्यानं मिलानला विजेतेपद मिळवून दिलं). त्या झटापटीत एल्क्येरच्या उजव्या पायातला बूट निघाला. एल्क्येर थांबला नाही. नुसत्या पायमोज्यावर आत घुसला आणि त्याच पायानं चेंडू जाळ्यात मारला. ही गोष्ट सांगताना आजोबा खुर्चीतून उठले, आपली सपाट उडवून दिली आणि स्वयंपाकघरात तो गोल करून दाखवला. आजी ओट्याजवळून काहीतरी ओरडल्या. नातीनं त्याचं भाषांतर केलं नाही.

तेव्हा जिंकल्यावर दोनच गुण मिळत, बरोबरीला एक. सोळा संघ, तीस सामने. व्हेरोनानं जानेवारीपर्यंत एकही सामना गमावला नाही. पहिली हार आव्हेल्लिनोत, पूर्वार्धाच्या शेवटच्या सामन्यात. आता हे घसरणार, असं सगळी इटली म्हणायला लागली. फेब्रुवारीत उदिनेत सुरुवातीलाच तीन गोल करून व्हेरोना निवांत झालं आणि बघता बघता ३-३ झाले. अशा वेळी लहान गावाचा संघ मोडतो. आजोबा रेडिओला कान लावून बसले होते. इटलीत तेव्हा सगळे सामने रविवारी दुपारी एकाच वेळी सुरू व्हायचे आणि रेडिओ एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर उड्या मारायचा. दुसऱ्या गावाचं वर्णन चालू असताना मधेच कुणीतरी घुसून गोल झाल्याचं सांगायचं, आणि कोणाचा गोल हे कळेपर्यंत जीव टांगणीला. त्या दिवशी उदिनेहून दोनदा आवाज घुसला. एल्क्येर, मग ब्रीगल. ५-३. आजोबांच्या मते विजेतेपद त्या दुपारी ठरलं.

आता त्या चिठ्ठ्यांबद्दल. हा भाग मला नातीनं सांगितला, आजोबांनी टाळला होता.

इटलीत कुठल्या सामन्याला कुठला पंच, हे एक नेमलेला अधिकारी ठरवत असे. त्या खुर्चीवर कायमच संशय. त्यातच १९८० मध्ये सट्टेबाजीचं मोठं प्रकरण बाहेर आलं. सामने विकल्याबद्दल खेळाडूंना मैदानावरून पोलिसांनी नेलं, मिलान आणि लाझिओसारखे संघ खालच्या श्रेणीत ढकलले गेले. लोकांचा विश्वास उडाला होता. म्हणून १९८४-८५ च्या मोसमात ठरलं, की पंच कुणी निवडायचाच नाही. नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि जी येईल ती. तो प्रयोग त्या एकाच वर्षी झाला. आणि त्याच एका वर्षी व्हेरोना जिंकलं. पुढच्या मोसमात चिठ्ठ्या बंद, पुन्हा अधिकाऱ्याची खुर्ची.

म्हणून त्या विजेतेपदाची गोष्ट निघाली की हे शेपूट मागून येतंच. काही जण ते कौतुकानं लावतात : बघा, पंच कुणाच्या खिशात नसले की काय होतं. काही जण कुत्सितपणे : चिठ्ठीवर लागलेली लॉटरी. २००६ साली युव्हेंतुसचा व्यवस्थापक मोज्जी आणि पंच नेमणारे अधिकारी यांच्यातली फोनवरची संभाषणं उघड झाली, युव्हेंतुसची दोन विजेतेपदं गेली, संघ दुसऱ्या श्रेणीत गेला. तेव्हा पहिल्या मताच्या लोकांना आणखी जोर चढला. आजोबांना मात्र दोन्ही मतं अपमानाची वाटत.

मला हा भाग जिव्हारी लागला त्याला कारण आहे. यंत्रासाठी गेलो त्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडच्या एका इमारतीच्या फरशीचं टेंडर मी भरलं होतं. दर कमी, नमुना पसंत, तरी काम दुसऱ्याला गेलं. कुणी दिलं, का दिलं, हे विचारायचीही सोय नव्हती. घरी आल्यावर बायकोला म्हणालो होतो, यापेक्षा चिठ्ठ्या टाका म्हणावं. ती म्हणाली, ‘‘आणि चिठ्ठीत तुमचं नाव निघालं असतं, तर लोक काय म्हणाले असते?’’ तेव्हा मी चिडलो होतो. व्हेरोनात ते वाक्य आठवलं.

म्हणून मी आकडे पाहिले. तीस सामन्यांत पंधरा विजय, तेरा बरोबऱ्या, फक्त दोन पराभव. आव्हेल्लिनोत एक आणि एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर तोरिनोकडून दुसरा. बेचाळीस गोल केले, एकोणीस खाल्ले. गुण त्रेचाळीस, दुसऱ्या क्रमांकाच्या तोरिनोचे एकोणचाळीस. प्लातिनीनं त्या वर्षी एकट्यानं अठरा गोल केले, व्हेरोनाच्या गाल्देरिसीचे अकरा, आणि मुळात अडवायला ठेवलेल्या ब्रीगलचे नऊ. माझं मत असं, की चिठ्ठीनं व्हेरोनाला काही दिलं नाही. फार तर त्यांचं हिरावून घेतलं जाणार नाही, एवढं पाहिलं. हा फरक बारीक आहे, पण टेंडर हरलेल्या माणसाला तो कळतो.

बारा मे १९८५. एक सामना बाकी असताना एक गुण हवा होता. गाव निम्मं रिकामं होऊन बेर्गामोला गेलं, आतालांताच्या मैदानावर. आधी आतालांतानं गोल केला. उत्तरार्धात एल्क्येरनं बरोबरी साधली, या वेळी दोन्ही बूट पायात होते. १-१. देशाच्या एका राष्ट्रीय साखळीची सुरुवात १९२९ मध्ये झाली. तेव्हापासून जो गाव आपल्या प्रांताचीही राजधानी नाही, अशा गावच्या संघानं विजेतेपद मिळवल्याचं हे एकच उदाहरण आहे. शेवटचा सामना घरच्या मैदानावर, त्याच आव्हेल्लिनोशी. ४-२.

आनंद फार टिकला नाही. सतराच दिवसांनी, २९ मे रोजी, ब्रसेल्सच्या हायसेल मैदानावर युव्हेंतुस आणि लिव्हरपूल यांच्या युरोपीय अंतिम सामन्याआधी चेंगराचेंगरीत एकोणचाळीस माणसं मेली. त्यानंतर इटलीत कुणाला फुटबॉलचं नाव नको झालं होतं. पुढच्या मोसमात व्हेरोना युरोपीय चषकात खेळलं आणि नेमकी गाठ पडली युव्हेंतुसशी. हायसेलच्या शिक्षेमुळे तूरिनमधला सामना प्रेक्षकांविना झाला. व्हेरोना ०-२ हरलं. त्या दिवशीच्या पंचाबद्दल आजोबा बोलले ते नातीनं बरंच गाळून सांगितलं असावं.

संघही विखुरला. फान्ना आणि मारांगोन लगेच इंटरकडे गेले. गारेल्ला नापोलीला गेला आणि १९८७ मध्ये मॅराडोनाबरोबर पुन्हा विजेता झाला. हातांशिवाय दोन विजेतेपदं. ब्रीगल १९८६ मध्ये गेला, एल्क्येर १९८८ मध्ये. बान्योली १९९० पर्यंत राहिला आणि संघ खाली घसरला तेव्हाच निघाला. मी गेलो त्या वर्षी हेलास व्हेरोना तिसऱ्या श्रेणीत खेळत होतं. तरी आजोबा दर पंधरवड्याला मैदानावर जात. पुढे २०१३ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत परतला, तेव्हा नातीनं मला दोन ओळींचं पत्र पाठवलं.

यंत्र मी घेतलं. निघायच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर मी आजोबांना मुद्दाम विचारलं, ‘‘एवढ्या चिठ्ठ्या टाकल्या, तर बेर्गामोच्या सामन्याला चिठ्ठीत कुठला पंच आला होता?’’

आजोबांनी डोळे मिटले. बराच वेळ आठवून पाहिलं. मग आजींना हाक मारली. आजी हात पुसत आल्या, प्रश्न ऐकला, आणि पंचाचं नाव सोडून भलतंच सुरू केलं. गारेल्ला, फेरोनी, मारांगोन, ब्रीगल, फोंतोलान, त्रिचेल्ला... आपल्याकडे बायका संध्याकाळी परवचा म्हणत तशा एका सुरात. अकरावं एल्क्येर येईपर्यंत आजोबाही त्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणू लागले होते. नात मला हळूच म्हणाली, ‘‘आता हे दोनदा म्हणणार.’’

त्यांनी ते तीनदा म्हटलं.