मिरचीच्या रोपाला दिवा कोणता?

दहिसरच्या दाटीवाटीत तळमजल्याच्या खिडकीतली मिरची नुसती किडकिडीत वाढते. फुले धरत नाही. आपल्याला तर खोली उजळ दिसते! पण भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो, दिव्याखालच्या खोलीत जेमतेम २००-३००. डोळा दोहोंशी जुळवून घेतो. रोपाला ते जमत नाही.

मग एलईडी दिवा घेताना खोक्यावरचे ल्युमेन पाहावेत काय? ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप. डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा हिरवट प्रकाश सर्वांत तेजस्वी भासतो. रोपाला हवेत ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन. तेवढ्याच ऊर्जेत ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाचे फोटॉन ४५० च्या निळ्यापेक्षा जवळजवळ दीडपट भरतात. जांभळट दिव्यांत तांबड्याचा भरणा असतो तो यासाठी. तरी पाने हिरवा प्रकाशही बराच वापरतात, हे मॅक्री यांनी १९७२ साली मोजून दाखवले. तेव्हा साधा पांढरा दिवा खुशाल घ्या. त्यात पिवळे पडलेले पान निदान ओळखू तरी येते.

रंगापेक्षा अंतर महत्त्वाचे. २ मीटरवरचा बल्ब अर्ध्या मीटरवर आणला, की प्रकाश सुमारे १६ पट होतो. २० वॅटचा दिवा रोज १४ तास जळला, तर महिन्याला ८.४ युनिट वीज लागेल. हा हिशेब घरी आधीच सांगून ठेवा!