ग्रहणातली पिवळी रेघ

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला लागून असलेल्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. माडिया-गोंडांच्या लेखी तो ठाकूरदेवाचा, सरकारदरबारी लोहखनिजाचा, आणि या दोन नोंदींमधला तंटा साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. आपल्याला आज त्यातला फक्त एक दगड हवा. आकाराच्या मानाने तो चांगलाच जड लागतो आणि खरखरीत फरशीवर घासला तर लालसर तपकिरी ओरखडा उठतो. हे हेमॅटाइट. माती, गारगोटी वगळून शुद्ध हेमॅटाइट तपासले, तर १०० ग्रॅममध्ये साधारण ७० ग्रॅम लोखंड आणि ३० ग्रॅम ऑक्सिजन निघतो. सुरजागडचे असो, गोव्याचे असो की ब्राझीलचे, प्रमाण तेच. कुठे ६०-४० नाही, कुठे ८०-२० नाही.

प्रमाण असे हटून का बसते? मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने १८०८ सालच्या ग्रंथात याचे उत्तर दिले. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक वजनाच्या, न फुटणाऱ्या कणांचे बनलेले असते आणि संयुग होताना हे कण मोजून एकत्र येतात. हेमॅटाइटमध्ये लोखंडाचे दोन, ऑक्सिजनचे तीन. अर्धा किंवा पाऊण अणू मिळत नाही, म्हणून प्रमाण ढळत नाही. तपशिलात खुद्द डाल्टनही चुकला होता. पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अशीच जोडी त्याने धरली होती. पण मुळातली कल्पना टिकली. त्याच्या अणूला आतले असे काही नव्हते. भरीव गोळी, बस्स.

आठवीच्या विज्ञानात ‘अणूचे अंतरंग’ हा पाठ इथून सुरू होतो आणि डाल्टन, थॉमसन, रदरफर्ड, बोर अशी चार प्रारूपे ओळीने सांगतो. पुण्यातला मुलगा तोच पाठ वाचतो आणि घरी माडिया, शाळेत मराठी बोलणारी भामरागड तालुक्यातल्या लाहेरीकडची मुलगीही तोच वाचते. पाठात चूक काही नाही. माझी तक्रार मांडणीबद्दल आहे. चार चित्रे, प्रत्येकाखाली त्याची त्रुटी, आणि परीक्षेला ‘आकृती काढून स्पष्ट करा’. मुलांची समजूत अशी होते की काही हुशार माणसे कल्पनेने चित्रे काढत बसली होती आणि पाळीपाळीने चुकत होती. ज्या पुराव्याने त्यांना चित्र खोडायला लावले, तो बाजूलाच राहतो. त्यातला फार मोठा पुरावा प्रकाशाचा होता, आणि त्याचा एक धागा विजयदुर्ग, जेऊर, पुलगाव अशा आपल्याच गावांतून जातो.

हा पुरावा पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मीठ घातलेल्या भाताचे पाणी उतू जाऊन जाळात पडले की ज्योत क्षणभर भडक पिवळी होते. (याच मिठासाठी एके काळी भामरागडच्या जंगलातल्या लोकांनी मापाला माप चारोळी व्यापाऱ्यांच्या पोत्यात ओतली आहे.) वर्गात करायचे तर स्पिरिटचा दिवा घ्यावा. त्याची ज्योत फिकट निळी. तारेचे टोक मिठाच्या पाण्यात बुडवून ज्योतीत धरले की ती पिवळीधमक होते. खोलीत अंधार करून या ज्योतीचा प्रकाश जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर तिरपा घ्यायचा. साध्या बल्बचा प्रकाश सीडीवर जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग पसरतो. मिठाच्या ज्योतीचा पसरत नाही. पिवळ्या जागी ज्योतीची ठळक प्रतिमा उमटते आणि आजूबाजूचे रंग जवळजवळ गायब असतात.

हा पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. १८५९-६० मध्ये हायडलबर्गच्या किर्शहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले की तापलेल्या वायूतले प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या रेघा वर्णपटात उमटवते. सोडियमच्या पिवळ्या जागी खरे तर दोन रेघा आहेत, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. डाल्टनच्या अणूला इथे पहिली अडचण आली. आत काहीच नसलेल्या गोळीने नेमके हेच रंग का सोडावेत? या प्रश्नाला पुढची पन्नासेक वर्षे उत्तर नव्हते. रेघांची नोंद मात्र जोरात चालू होती.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली दख्खनवरून गेली. गुंटूरला फ्रेंच खगोलज्ञ जान्सन होता. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेघा दिसल्या आणि त्यांतली एक पिवळी होती. आधी वाटले सोडियमच. पण ऑक्टोबरात खगोलज्ञ नॉर्मन लॉकियरने इंग्लंडमधून, ग्रहणाशिवायच, त्या ज्वालांचा वर्णपट घेतला तेव्हा ही रेघ सोडियमच्या जोडीपासून किंचित सरकलेली निघाली. आजच्या मोजमापाने ती ५८७.६ नॅनोमीटरवर येते. पृथ्वीवरच्या कोणत्याच पदार्थाशी ती जुळेना, तेव्हा सूर्यावरच्या या अनोळखी द्रव्याला हेलियम म्हणू लागले.

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘सायबाचे ओटे’ दाखवतात आणि लॉकियरने १८६८ साली इथूनच हेलियम शोधला असे सांगतात. दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही होतो. उत्सव जरूर व्हावा, पण १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होता. विजयदुर्गावर तो आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ही दुसरी हकीकत मला जास्त रंगतदार वाटते. सावली कोकणात शिरून ईशान्येकडे निघाली आणि तिच्या वाटेवर ठिकठिकाणी तंबू पडले. करमाळ्याजवळच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवालाही आपली तुकडी घेऊन आले होते. वऱ्हाडात तळणीला ॲनी माँडरने सूर्याच्या प्रभामंडलाची लांबच लांब शलाका फोटोत पकडली. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला न्यूअल आणि कॅप्टन हिल्स होते. आमच्या या टोकाला, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, ग्रहण खंडग्रासच होते. सावलीच्या वाटेवरही खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्यातही मोलाचे ते एक-दोन सेकंद, जेव्हा सूर्याची कड झाकली जाते आणि सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटातल्या काळ्या रेघा एकदम उजळून उठतात. विजयदुर्गावर लॉकियरबरोबर त्याचा सहायक आल्फ्रेड फाउलर होता. हे नाव लक्षात ठेवा.

नायगमवालांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली त्यांची पुण्यातली वेधशाळा वर्णपटाच्या कामासाठीच होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. वर्णपटातल्या रेघांचा अर्थ लागला तो त्याच्या पुढच्याच वर्षी.

तोवर अणूचे चित्र दोनदा बदलले होते. पहिला बदल लवकर सांगून टाकतो. १८९७ मध्ये केंब्रिजच्या जे. जे. थॉमसनने अणूतून निघणारा, हायड्रोजनच्या अणूपेक्षा सुमारे १,८०० पट हलका, ऋण प्रभाराचा कण दाखवला. तो इलेक्ट्रॉन. अणू एकूण उदासीन असल्याने कुठेतरी तेवढाच धन प्रभार हवा. १९०४ मध्ये थॉमसनने तो अणूभर पसरवला आणि त्यात इलेक्ट्रॉन रुतवले. हेच पाठातले प्लम पुडिंग. त्याच वर्षी जपानच्या नागाओकाने शनीच्या कड्यांसारखी रचना सुचवली होती, पण ती फारशी चालली नाही.

दुसऱ्या बदलात आपली पिवळी रेघ पुन्हा येते. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅमझीला युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत ती सापडली, म्हणजे हेलियम पृथ्वीवरही होता. पण युरेनियमच्याच दगडात का? रदरफर्डला संशय होता की किरणोत्सारी द्रव्यातून सुटणारे अल्फा कण म्हणजेच हेलियम असावा. १९०८ मध्ये त्याने आणि रॉइड्सने काचेच्या एका नळीत किरणोत्सारी वायू कोंडला. नळीची भिंत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून पातळ होती. तिच्यातून अल्फा कण पार जातील, वायू जाणार नाही. बाहेरून दुसरी, निर्वात नळी. दोन दिवसांनी बाहेरच्या नळीत विजेची ठिणगी पाडली, तर वर्णपटात तीच पिवळी रेघ.

आता हाती एक ओळखीचा मारा होता. रदरफर्डचा सहकारी गायगर आणि विशीतला विद्यार्थी मार्सडेन धातूच्या पातळ पत्र्यावर तो करत. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत थांबत आणि मग पडद्यावर अल्फा कण आदळून उमटणाऱ्या बारीक ठिणग्या सूक्ष्मदर्शकातून एकेक करून मोजत. थॉमसनचा अणू खरा असता तर सगळे कण जेमतेम हलून पार गेले असते. १९०९ मध्ये प्लॅटिनमच्या पत्र्यावरून साधारण ८,००० पैकी एक कण उलटा फिरलेला दिसला. सोन्याच्या वर्खानेही तोच प्रकार केला. १९११ मध्ये रदरफर्डने निष्कर्ष काढला की सगळा धन प्रभार आणि जवळजवळ सगळे वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रकात आहे. किती इवल्याशा? सोन्याचा अणू शंभर मीटर रुंदीच्या मैदानाएवढा मानला, तर केंद्रक मधोमध ठेवलेल्या चारोळीच्या दाण्याएवढे.

पण मग इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरत असणार, आणि फिरणारा प्रभार प्रकाश सोडत ऊर्जा गमावतो. हिशेब केला तर असा अणू डोळ्याचे पाते लवायच्या कितीतरी आधी कोसळायला हवा. शिवाय कोसळताना तो सगळे रंग सलग सोडेल, रेघा नाही. म्हणजे सुरजागडचा दगड जागेवर असणे आणि मिठाची ज्योत फक्त पिवळी असणे, दोन्ही रदरफर्डच्या अणूत बसत नव्हते.

नील्स बोरने १९१३ मध्ये इथेच हात घातला. इलेक्ट्रॉनला काही ठरावीक कक्षांतच मुभा आहे आणि तिथे फिरताना तो ऊर्जा गमावत नाही, असे त्याने सरळ गृहीत धरले. बाहेरच्या कक्षेतून आतल्या कक्षेत उडी घेतली की दोन्हींतल्या ऊर्जेचा फरक प्रकाश होऊन बाहेर पडतो. कक्षा ठरलेल्या, म्हणून फरक ठरलेले, म्हणून रंगही ठरलेले. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेघ तिसऱ्या कक्षेतून दुसरीत पडण्याची, ४८६.१ ची निळसर रेघ चौथीतून दुसरीत पडण्याची. बासेलच्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बाल्मरने १८८५ मध्येच या रेघांचे सूत्र नुसत्या आकड्यांशी झटापट करून बसवले होते. त्या सूत्रामागे काय आहे हे बोरने दाखवले. मिठाच्या ज्योतीतला पिवळा रंगही सोडियमच्या सर्वांत बाहेरच्या, एकट्या इलेक्ट्रॉनच्या उडीचा आहे.

आणि इथे विजयदुर्गावरचा फाउलर परत येतो. आता तो लंडनमध्ये वर्णपटांचा मोठा जाणकार होता. हायड्रोजन आणि हेलियम मिसळलेल्या नळीत त्याला १९१२ मध्ये काही रेघा मिळाल्या होत्या आणि त्या त्याने हायड्रोजनच्या नावावर लावल्या होत्या. बोरच्या गणितात हायड्रोजनला अशा रेघा नव्हत्याच. बोर म्हणाला, या हेलियमच्या, पण एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या. अशा हेलियमचे केंद्रक हायड्रोजनच्या दुप्पट प्रभाराचे, म्हणून ऊर्जा चौपट. रदरफर्डच्या प्रयोगशाळेत इव्हान्सने त्या रेघा हेलियममधून काढून दाखवल्या. फाउलर तेवढ्याने हटला नाही. माझ्या मोजमापात या दोन ऊर्जांचे गुणोत्तर चार येत नाही, ४.००१६ येते, असे त्याने ‘नेचर’मध्ये लिहिले. इतक्या बारक्या फरकावर कोणी अडून बसावे याचे मला नेहमी कौतुक वाटते. बोरने पुन्हा हिशेब केला. आधी त्याने केंद्रक जागच्या जागी धरले होते. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन फिरताना केंद्रकही थोडे हलते, आणि हलके हायड्रोजन केंद्रक जड हेलियम केंद्रकापेक्षा जास्त हलते. ते धरून उत्तर आले ४.००१६३. फाउलरने मान्य केले.

एवढे होऊनही १८६८ ची ती पिवळी रेघ बोरच्या हाती लागली नाही. ती दोन्ही इलेक्ट्रॉन शाबूत असलेल्या हेलियमची आहे, आणि केंद्रकाभोवती दोन इलेक्ट्रॉन आले की बोरचे गणित अडते. ते त्यांच्या आपसातल्या ओढाताणीचा मेळ घालू शकत नाही. तो मेळ हायझेनबर्गने १९२६ मध्ये नव्या पुंजयामिकीने घातला. त्याच वर्षी श्रोडिंगरच्या समीकरणाने कक्षांची वर्तुळेही पुसली आणि इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगणारे ढग उरले. हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन एकाच दिशेने फिरकी घेतात की उलट दिशांनी, यावरून त्याच्या रेघांचे दोन वेगळे संच पडतात. पिवळी रेघ एकाच दिशेच्या फिरकीवाल्या संचातली. आठवीच्या पाठात बोरनंतरचे हे ढग नाहीत. ते अकरावीच्या रसायनशास्त्रात येतात, तेही विज्ञान शाखा घेतली तर. हेलियमचे गणित त्याच्याही पुढे, पदवीच्या वर्गात.