पैसा आला कुठून?

आमच्या गल्लीत कुणाला सरकारी कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी कविता लिहितो, म्हणजे अर्जही लिहीत असणार, असा लोकांचा समज! असाच एक कागद घेऊन शेजारच्या खाला आल्या. अमली पदार्थांच्या खटल्यात त्यांच्या मुलाला दहा वर्षांची शिक्षा झालेली. तो तुरुंगात, नोटीस मात्र खालांच्या नावावर. राहतं घर आणि सुनेचे दागिने सरकारजमा का करू नयेत, याचा खुलासा तीस दिवसांत करा. ‘बेटा, गुन्हा त्यानं केला, मग घर माझं का?’ खालांनी विचारलं.

याचं उत्तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, १९८९ साली घातलेल्या प्रकरणात आहे. दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस, त्याची बायको, आईवडील, मुलं, भावंडं, मेहुणेसुद्धा, यांच्याकडची बेकायदा मार्गानं आलेली मालमत्ता सरकार घेऊ शकतं. आणि ती तशी आलेली नाही हे शाबीत करायची जबाबदारी, कलम ६८-जे प्रमाणे, ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याच्यावर. मुलगा निर्दोष आहे, असं इथं सांगून उपयोग नाही. अपिलात तो सुटला तर गोष्ट वेगळी, मग मालमत्ताही सुटते. एरवी प्रश्न एकच, पैसा आला कुठून?

कुणीतरी खालांना सल्ला दिला होता, घर मुलीच्या नावावर करा. नोटीस आल्यावर केलेलं असं हस्तांतर कायदा मानत नाही. उलट संशय वाढतो.

आम्ही ट्रंक उघडली. खालांच्या शौहरनं १९९४ साली केलेलं खरेदीखत, सोसायटीच्या कर्जाचं पासबुक, घरपट्टीच्या पावत्या. मुलाची अटक २०१७ ची. अटकेच्या सहा वर्षांपूर्वी घेतलेली मालमत्ता जप्त होत नाही, असं या कायद्यातच म्हटलंय. म्हणजे घर वाचण्याजोगं. सुनेचा निकाह २००७ चा, निकाहनाम्यात मेहर म्हणून सोनं लिहिलेलं. तेही सुटण्यासारखं. मेहर कागदावर नीट लिहा, असं मी लोकांना सांगत आलोय, तेव्हा लोक हसतात.

‘आणि वरची खोली?’ मी विचारलं. खाला गप्प. ती २०१५ मध्ये बांधलेली. पैसे मुलानं आणून दिले होते, कुठून ते त्यांनी विचारलं नव्हतं.

नातलगांची सगळीच मिळकत घेता येत नाही, गुन्हेगाराच्या पैशाशी तिचा संबंध हवा, असं तस्करांच्या मालमत्तेच्या कायद्याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी १९९४ साली सांगितलंय. मात्र नोटिशीत हा संबंध दाखवला नाही एवढ्यावरून ती रद्द होत नाही, अशी दुरुस्ती २०१४ मध्ये झाली. त्यामुळे नोटिशीतल्या चुकांवर विसंबू नये, आपले कागद काढावेत. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आदेश विरोधात गेला तर अपिलाला पंचेचाळीस दिवस असतात.

खालांच्या वकीलबाईंनी खोलीबद्दल खोटं लिहायला नकार दिला. घर आणि सोनं सुटलं. एखाद्या भागाचाच हिशेब लागत नसेल तर त्या भागाच्या बाजारभावाइतका दंड भरून मालमत्ता ठेवता येते. तसा दंड खोलीपुरता बसला. तो भरायला सुनेनं मेहरचं सोनं विकलं.