फामागुस्ता, एकास पस्तीस

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या लष्करी संस्थेत ‘फामागुस्ता’ नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जतन करून ठेवलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ क्षेत्रात बसंतर नदीच्या परिसरात झालेल्या लढाईत पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात होते. रणगाड्याला गोळा लागून आग लागल्यानंतरही त्यांनी तो सोडला नाही. ते लढत राहिले आणि तेथेच धारातीर्थी पडले. पुण्यात जन्मलेले हे अधिकारी तेव्हा अवघे २१ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र प्रदान करण्यात आले.

या रणगाड्याची लघुप्रतिकृती करू पाहणाऱ्या छांदिष्टापुढे पहिला प्रश्न रंगाचा नसतो, वेळेचा असतो. फामागुस्ता नेमका कोणत्या क्षणाचा दाखवायचा? कारखान्यातून आलेला, लढाईच्या सकाळी शत्रूची वाट पाहणारा, जळालेला, की आज जतन करून ठेवलेला? रंगाची प्रत्येक छटा, चिखलाचा प्रत्येक थेंब पुढे याच उत्तरावर अवलंबून असतो.

रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे सर्वाधिक प्रचलित प्रमाण एकास पस्तीस हे आहे. हा आकडा कोणत्याही गणिती सोयीतून आलेला नाही. जपानच्या शिझुओका शहरातील तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या प्रारंभी जर्मन पँथर रणगाड्याचे चालते मॉडेल काढले, तेव्हा मोटार आणि बॅटऱ्या पोटात मावतील एवढे त्याचे आकारमान ठरवण्यात आले. मागाहून मोजले असता प्रमाण साधारण एकास पस्तीस भरले. खेळण्यातल्या बॅटरीने ठरवलेले हे माप पुढे जगभर रूढ झाले. या मापाने तोफेच्या टोकापर्यंत सुमारे ९.८ मीटर लांब असणारा सेंच्युरियन २८ सेंटिमीटरचा होतो. त्याची ३.३९ मीटर रुंदी पावणेदहा सेंटिमीटरच्या आत येते आणि शेजारी उभा केलेला सैनिक जेमतेम पाच सेंटिमीटरचा असतो.

लांबी-रुंदी पस्तीस पटींनी घटते, पण वजन त्याच्या घनाने घटते. एक्कावन्न टनांचे हे धूड त्याच पोलादात हुबेहूब आक्रसले, तर सव्वा किलोच्या आतबाहेर भरेल. पॉलिस्टायरिनच्या मॉडेलला तेवढेही वजन नसते, म्हणून ते टेबलावर तरंगल्यासारखे दिसते. प्रतिकृतीकाराची निम्मी मेहनत हा हलकेपणा लपवण्यात जाते. चाके जमिनीवर सारखी टेकली पाहिजेत, पट्टे दोन चाकांच्या मध्ये ताणलेल्या रबरासारखे दिसता कामा नयेत. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूस सहा चाके असतात आणि ती दोन-दोनच्या जोड्यांनी बसवलेली असतात. एक जोडी जरी तिरकी चिकटली, तरी सारा डौल जातो.

जोडणीचे काम वरकरणी सोपे. साच्यातून निघालेल्या भागांना तेलकट अंश चिकटलेला असतो, तो साबणाच्या पाण्याने धुवावा. भाग चौकटीतून पिळून न तोडता कटरने सोडवावेत, उरलेले टोक कानशीने आणि पॉलिश पेपरने घासावे. या कामाचे द्रावण खरे तर चिकटवत नाही, ते प्लॅस्टिक किंचित विरघळवते आणि दोन भाग एकजीव होतात. म्हणून ते सांध्यावर ब्रशच्या टोकाने जेमतेम टेकवायचे असते; फटीत ते आपोआप ओढले जाते. राहिलेल्या फटीत लांबी भरावी. हे सारे खिडकी उघडी ठेवून करावे.

खरी कसोटी तोफेच्या घुमटाची. सेंच्युरियनच्या घुमटाचा मुख्य भाग ओतीव पोलादाचा आहे आणि ओतीव पोलादाचा पृष्ठभाग खरबरीत असतो. किटमधला घुमट बहुधा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत निघतो. त्यावर पातळ लांबी ताठ केसांच्या ब्रशने टिपत टिपत लावून वाळल्यावर हलकेच घासली, की धातूचा पोत येतो. मात्र येथेही प्रमाण विसरून चालत नाही. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा उंचवटा म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरचे टेंगूळ. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या रणगाड्यावर साडेतीन मिलिमीटरचा लेप दिल्यासारखे होते. म्हणून हाताच्या ब्रशऐवजी एअरब्रशने, दुधासारख्या पातळ रंगाचे विरळ हात देण्याची पद्धत आहे. मुंबईत हे काम पावसाळ्यात न काढलेले बरे, कारण दमट हवेत लॅकर रंगावर पांढुरकी झाक धरते.

आता रंग कोणता? हिरवा, एवढे उत्तर पुरेसे नाही. कृष्णधवल छायाचित्रे रंगाविषयी मौन पाळतात आणि जतन केलेली वाहने वेळोवेळी नव्याने रंगवली जातात. त्यामुळे आज दिसणारा चकचकीत हिरवा हा १९७१चा पुरावा ठरत नाही. शिवाय मॉडेल आपण फूटभर अंतरावरून पाहतो, म्हणजे खरा रणगाडा सुमारे साडेदहा मीटरवरून पाहिल्यासारखे. तेवढ्या अंतरावर मधली हवा आणि उजेड रंगाला फिका करतात. म्हणून अनेक जण मूळ छटेत थोडा पांढरा किंवा पिवळट रंग मिसळतात. काहींना हे थोतांड वाटते. पण नमुन्याच्या पट्टीशी तंतोतंत जुळवलेला रंग मॉडेलवर काळपट दिसतो, हा अनुभव ज्याला त्याला येतो.

पाया वाळला, की चकचकीत वार्निशचा हात देऊन नाव आणि क्रमांक टाकायचे. खडबडीत पृष्ठभागावर डिकॅलखाली हवा अडकून ती चंदेरी दिसतात, म्हणून हा खटाटोप. ‘फामागुस्ता’ हे नाव आणि ‘जेएक्स २०२’ हा क्रमांक किटमध्ये नसेल, तर अक्षरे स्वतः काढावी लागतात. त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी तैलरंग खाचांत आणि बोल्टांभोवती सोडला, की सावल्या उठून दिसतात. खालचा रंग अॅक्रिलिक असेल, तर या द्रावणाने तो उचलला जात नाही.

येथून पुढे बहुतेकांचा तोल सुटतो. गंज, पोपडे, ओघळ यांचे तंत्र एकदा हातात आले, की थांबवत नाही आणि रणगाडा भंगारात पडलेल्या ट्रकसारखा दिसू लागतो. आघाडीवरच्या रेजिमेंटचा रणगाडा गंजलेला नसतो. त्याची रोज निगा राखली जाते. गंज दिसायचाच तर तापणाऱ्या धुराड्यांवर. पट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग उलट चकाकतो. स्पंजने उडवलेला रंगाचा ‘लहानसा’ टवका एक मिलिमीटरचा असला, तरी खऱ्या मापात तो रुपयाच्या नाण्याहून मोठा भरतो. चाकांना रबराची धाव असते. तिला शुद्ध काळा न देता गडद राखाडी द्यावा.

चिखलाची गोष्ट वेगळी. सुरुंग पेरलेला पट्टा आणि नदीचा परिसर ओलांडून आलेल्या रणगाड्याच्या खालच्या अर्ध्या भागावर माती हवीच. पण कोणती माती? पुण्यातला छांदिष्ट अंगणातली माती चाळून वापरू लागला, तर घात होतो. आपली काळी जमीन आणि तांबडा मुरूम तिकडचे नव्हेत. पंजाबची माती गाळाची, फिकट भुरकी. ओली असेल तेथे गडद, वाळली की जवळजवळ पिठासारखी. त्या रंगाच्या पिगमेंट पावडरी मिसळून खालून वर विरळ करत न्याव्यात.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. जळालेला रणगाडा रंगवण्यात कौशल्य दाखवायला भरपूर वाव असतो: करपलेला रंग, काजळी, उखडलेले पत्रे. प्रदर्शनात अशा मॉडेलांपुढे गर्दीही होते. पण या रणगाड्यात खेत्रपाल यांच्याखेरीज आणखी तीन जवान होते, हे ठाऊक असताना त्या आगीची कलाकुसर करायला हात धजत नाही. जतन केलेला, दोरखंडाच्या कुंपणातला रणगाडा करायचा, तर त्यासाठी एवढा खटाटोप नको. एक रंग आणि वार्निश पुरे. म्हणून सकाळचा रणगाडा निवडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. धूळ बसलेला, चाकांपर्यंत चिखलाने माखलेला, बाजूच्या पातळ पत्र्यांना पोचे आलेले, कमांडरचे झाकण उघडे आणि तोफ शत्रूच्या दिशेने. मॉडेलच्या लाकडी बैठकीवर पितळी पट्टी लावतात. तिच्यावर रणगाड्याचे नाव, रेजिमेंट आणि ‘१६ डिसेंबर १९७१, सकाळ’ एवढेच कोरावे.