सैराट (गीतसंग्रह)

सैराट : नागराज मंजुळे दिग्दर्शित याच नावाच्या मराठी चित्रपटासाठी अजय–अतुल या संगीतकारबंधूंनी रचलेला चार गीतांचा संग्रह (२०१६). ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ व ‘झिंगाट’ ही त्यातील गीते होत. गीतलेखन अजय–अतुल व मंजुळे यांचे असून, अजय गोगावले, श्रेया घोषाल व चिन्मयी श्रीपाद हे प्रमुख गायक आहेत. एकविसाव्या शतकात इतक्या अल्पावधीत आणि इतक्या भिन्न थरांतील श्रोत्यांपर्यंत पोहोचलेला दुसरा मराठी गीतसंग्रह क्वचितच दाखविता येईल.

अजय (१९७६– ) व अतुल गोगावले (१९७४– ) यांचे बालपण वडिलांच्या महसूल खात्यातील नोकरीमुळे पुणे जिल्ह्यातील जुन्नर, शिरूर, राजगुरुनगर इ. गावी गेले. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. गोंधळ, भजन, लावणी, शाळेचे व लग्नाचे बँडपथक यांचे संस्कार आणि इळैयराजा यांच्या वाद्यवृंदरचनेचे आकर्षण यांतून त्यांची शैली घडली. जोगवा या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना २००८ चा राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि नटरंग (२०१०) मुळे लावणीचा बाज नव्या पिढीत पुन्हा रुजला.

चित्रपटाचे कथानक सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात घडते. भीमेच्या एका तीरावर करमाळा व दुसऱ्या तीरावर पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका असून, उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय दोहोंमध्ये पसरला आहे. जिल्हा बदलला, तरी ऊस, केळी, विहिरी, बाजार आणि बोली यांत बारामती–इंदापूरपासून करमाळ्यापर्यंत फारसा खंड पडत नाही. वेडासाठी ‘याड’ आणि अनावर, मोकाट सुटलेल्यासाठी ‘सैराट’ हे शब्द येथील श्रोत्याला कोणी समजावून सांगावे लागले नाहीत. ‘जी’ हा अंत्य उद्‌गार तर शाहिरी व तमाशातील झीलकऱ्यांची आठवण देणारा आहे. मराठी भावगीताने दीर्घकाळ प्रमाण भाषेलाच प्रेमाची भाषा मानले. ग्रामीण बोली आली, ती बहुधा विनोदाला किंवा शृंगारिक लावणीला. या संग्रहात तीच बोली पहिल्या प्रेमाच्या हुरहुरीसाठी योजिली आहे. ज्या बारामतीचे नाव वाङ्‌मयेतिहासात मोरोपंतांच्या (१७२९–९४) संस्कृतप्रचुर आर्यांमुळे राहिले, त्या परिसराच्या नित्याच्या बोलीला अशी प्रतिष्ठा मिळण्यास बराच काळ जावा लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

संग्रहाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील सिंफनी वाद्यवृंद. या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सोनी कंपनीच्या चित्रपटसंगीत-ध्वनिमुद्रणगृहात करण्यात आले. हॉलिवुडमध्ये असे मुद्रण करणारा हा पहिलाच भारतीय चित्रपट, असे तेव्हा सांगण्यात आले. ‘याड लागलं’ मध्ये तंतुवाद्यांचा मोठा समूह व फुंकवाद्ये अजय यांच्या तारसप्तकाकडे झेपावणाऱ्या आवाजाभोवती विस्तार पावतात. ‘आताच बया का बावरलं’ हे नायिकेच्या मनाचे गीत अधिक हळुवार आहे. शीर्षकगीत हे द्वंद्वगीत असून त्यात दोन्ही स्वर एकमेकांना सावरून घेतात. ‘झिंगाट’ मात्र वेगळे आहे. त्यात सिंफनीला गौण स्थान असून ठेका व विद्युत्‌-ध्वनी यांवर भर आहे. वरातीपुढील नाचाचा धिंगाणा हाच त्याचा आदर्श होय.

समीक्षकांनी संग्रहाचे सामान्यतः स्वागत केले व फिल्मफेअरच्या मराठी विभागात त्यास सर्वोत्कृष्ट संगीताचा पुरस्कार लाभला. एक आक्षेप मात्र विचारार्ह आहे. खेड्यातील दोन कोवळ्या मुलांच्या भावनेला एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाचा भार पेलतो काय, हा तो आक्षेप होय. काही ठिकाणी, विशेषतः अंतऱ्यांमधील वाद्यखंडांत, भव्यता गरजेपेक्षा अधिक वाटते, हे मान्य करावे लागते. परंतु जी भव्यता एरवी राजपुत्रांच्या व श्रीमंतांच्या प्रेमासाठी राखून ठेवली जाते, ती मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील मुलाच्या वाट्यास येणे, हाच येथे आशयाचा भाग आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न गीतांच्या स्थानाचा आहे. चारही गीते चित्रपटाच्या पूर्वार्धात येतात. उत्तरार्ध जवळजवळ गीतविरहित आहे. ‘झिंगाट’ नायिकेच्या भावाच्या वाढदिवसाच्या समारंभात येते आणि त्याच रात्री दोघांचे प्रेम घरच्यांसमोर उघडे पडते. म्हणजे सर्वांत उन्मुक्त गीत आपत्तीच्या उंबरठ्यावर आहे. पुढे हैदराबादच्या वस्तीतील संसार आणि अखेरची हत्या यांना गाण्याचा आधार नाही, आणि शेवटच्या दृश्यात तर ध्वनीच नाहीसा होतो. आधीचे संगीत ओसंडून वाहणारे नसते, तर ही शांतता इतकी असह्य झाली नसती.

लोकप्रियतेने मात्र हे नाते तोडले. चित्रपटगृहांतच प्रेक्षक ‘झिंगाट’ वर नाचू लागले. पुढे वराती, गणेशोत्सवाच्या मिरवणुका व गावोगावचे वाद्यवृंद यांतून ते वाजत राहिले. जातीबाहेरील विवाहाच्या हत्येची कथा सांगणाऱ्या चित्रपटातील गाणे जातीतल्या जातीत ठरलेल्या लग्नांच्या वरातींतही तितक्याच आवडीने वाजते, ही विसंगती फार थोड्यांना खटकली. शालेय-महाविद्यालयीन वयातील प्रेमास चित्रपट उत्तेजन देतो, अशी टीका झाली, तीही बव्हंशी गीतांनी उभ्या केलेल्या स्वप्नाकडे पाहून. कथेच्या शेवटाकडे पाहून नव्हे.

चित्रपटाने शंभर कोटी रुपयांची मर्यादा ओलांडली. मराठीत असे प्रथमच घडले. त्याची कन्नड, पंजाबी, बंगाली इ. भाषांत रूपांतरे झाली. धडक (२०१८) या हिंदी रूपांतराचे संगीतही अजय–अतुल यांचेच असून, ‘झिंगाट’ ची चाल अमिताभ भट्टाचार्य यांच्या हिंदी शब्दांसह त्यात कायम ठेवण्यात आली. कथा राजस्थानातील उदयपुरात नेण्यात आली व जातीचा प्रश्न मंदावला. चाल तीच, वादनही सफाईदार; पण बोली गेल्यामुळे गाणे कोणत्याही गावचे उरले नाही.